थेट दर्शन आणि बिटरेटचा हिशेब

१७ ऑक्टोबर २०२० रोजी तुळजापुरात घटस्थापना झाली, तेव्हा श्री तुळजाभवानी मंदिराचे महाद्वार भाविकांसाठी बंद होते. करोनाच्या साथीमुळे मार्चमध्ये बंद झालेली राज्यातील मंदिरे अद्याप उघडलेली नव्हती. शारदीय नवरात्रातील सारे विधी मोजक्या पुजाऱ्यांच्या आणि मानकऱ्यांच्या उपस्थितीत पार पडले. भाविकांनी घरूनच ऑनलाइन दर्शन घ्यावे, असे आवाहन करण्यात आले. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणातील असंख्य कुटुंबांची कुलस्वामिनी त्या नऊ दिवसांत मोबाइलच्या पाच-सहा इंची पडद्यावर आली. मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, पुढील एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, नेमक्या घटस्थापनेच्याच दिवशी, पुन्हा खुली झाली. पडद्यावरचे दर्शन मात्र त्यानंतरही थांबले नाही. ज्यांना पायऱ्या उतरणे शक्य नाही, ज्यांना मजुरी बुडवून येणे परवडत नाही, जे परदेशी आहेत, त्यांच्यासाठी ती आपत्कालीन सोय न राहता नित्याची वाट झाली.

६ मे २०२५ रोजी चौंडी येथे झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत राज्य सरकारने तीर्थस्थळांच्या विकासाचे जे आराखडे मंजूर केले, त्यांत तुळजापूरच्या वाट्याला १,८६५ कोटी रुपये आले. अशा आराखड्यांचा रोख साहजिकच प्रत्यक्ष येणाऱ्या भाविकांवर असतो. रांग किती लांब, वाहनतळ कोठे, निवासाची सोय किती, हे प्रश्न डोळ्यांना दिसतात. जो भाविक कधीच रांगेत उभा राहणार नाही, त्याला देवी कशी दिसावी, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञांचा समजला जातो आणि कॅमेरा बसवणाऱ्यावर सोडला जातो. वस्तुतः तो धोरणाचा प्रश्न आहे. पडद्यावरील चित्रातून प्रत्येक सेकंदाला माहितीचा फार मोठा भाग टाकून दिला जातो. काय टाकायचे आणि काय राखायचे, याचा निर्णय कोणी तरी, बहुधा नकळत, घेतलेला असतो.

हा मोठा भाग म्हणजे किती, ते आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. आज ज्याला ‘फुल एचडी’ म्हणतात, त्या चित्रात १,९२० गुणिले १,०८० बिंदू असतात. सेकंदाला २५ चित्रे धरली आणि रंगाची नेहमीची काटकसर गृहीत धरली, तरी काहीही न दाबता हे चित्रीकरण पाठवायचे झाल्यास सेकंदाला सुमारे ६२ कोटी बिट लागतील. प्रत्यक्षात चांगल्या दर्जाचे म्हणून जे प्रक्षेपण होते, त्याचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण, ६० लाख बिटच्या, अर्थात सहा एमबीपीएसच्या आसपास असते. शंभरातील नव्याण्णव भाग वाटेत गळलेले असतात आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. साध्या मोबाइलसाठीच्या ४८०पी चित्राला ८०० केबीपीएस दिले, तर हे प्रमाण दीडशेला एक असे होते.

ही किमया मुळात दोन गोष्टींवर उभी आहे. पहिली म्हणजे, लागोपाठची चित्रे बहुतांशी सारखीच असतात. तेव्हा प्रत्येक चित्र नव्याने पाठवण्याऐवजी मागच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच कळवायचे. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. चित्राचे लहान लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातील उजेड-अंधाराची नोंद संथ व जलद लहरींच्या रूपात मांडायची. डोळ्यांना संथ बदल चांगले जाणवतात आणि बारीक, जलद बदल कमी जाणवतात, म्हणून त्या बारीक बदलांची नोंद ढोबळ करून टाकायची. या मांडणीचे गणित बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. अहमद यांनी त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे मागितलेले अनुदान त्याआधी नाकारले गेले होते. आज जगातील जवळजवळ प्रत्येक छायाचित्र आणि चलचित्र त्याच गणिताच्या कोणत्या ना कोणत्या रूपातून जाते.

नोंद किती ढोबळ करायची, हे ठरवणारा एक आकडा असतो. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या आणि आजही सर्वाधिक वापरात असलेल्या एच.२६४ पद्धतीत तो ० ते ५१ असा चालतो आणि दर सहा अंकांनी ढोबळपणा दुप्पट होतो. आकडा वाढवला की बिटरेट घटतो आणि चित्र बिघडते; कमी केला की उलटे. बिटरेट आणि दर्जा यांचा समतोल म्हणतात तो शेवटी एवढाच. पण तो संपूर्ण चित्रासाठी एकच ठेवण्याचे बंधन नाही. चौकोनागणिक तो बदलता येतो, आणि खरी निवड तेथे सुरू होते.

तुळजाभवानीची मूर्ती गंडकी शिळेची, काळ्या पाषाणाची, सुमारे तीन फूट उंचीची आहे. गाभारा लहान, प्रकाश मर्यादित. समयांच्या ज्योती हलत्या, अंगावर सोन्याचे दागिने, कपाळी कुंकवाचा मळवट. चित्र दाबणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे एन्कोडरला, याहून अडचणीचा विषय शोधून सापडणार नाही. एकामागून एक कारणे पाहिली तर ते लक्षात येते.

अंधाऱ्या भागात उजेडाच्या पायऱ्याच थोड्या असतात. नोंद ढोबळ केली की त्या पायऱ्या एकमेकींत मिसळतात आणि पाषाणावरचे कोरीव काम सपाट काळ्या डागात बुडून जाते. उलट सोन्याच्या दागिन्यांवरची चमक, ज्योतीची कडा, फुलांच्या माळा येथे उजेड-अंधाराचा फरक तीव्र असतो. गणिताच्या दृष्टीने तेथील चूक मोठी ठरते, म्हणून एन्कोडर आपले बिट तिकडे वळवतो. परिणामी अलंकार लखलखीत आणि चेहरा पुसट, अशी विचित्र विभागणी होते. दागिन्यांचे दर्शन चोख घडते.

कुंकवाची गोष्ट आणखी वेगळी. मानवी डोळा उजेडाच्या मानाने रंगाबाबत कमी चोखंदळ असतो, या आधारावर रंगाची नोंद चार बिंदूंमागे एकदाच केली जाते. ४८०पी चित्रात उजेडाची जाळी ८५४ गुणिले ४८० असली, तरी रंगाची जाळी ४२७ गुणिले २४० एवढीच उरते. इतर रंगांच्या बाबतीत हे खपून जाते, कारण आकार उजेडाच्या नोंदीत शाबूत असतो. परंतु एचडी मानकात एकूण उजेडातील लाल रंगाचा वाटा अवघा २१ टक्क्यांच्या आसपास आहे. काळ्या पाषाणावर लाल मळवट म्हणजे उजेडात फारसा फरक नाही, सारा फरक रंगात. आणि रंगाचीच नोंद विरळ. त्यामुळे मळवटाची कडा विरघळते, लाल डाग शेजारच्या चौकोनांत सांडतो.

तिसरे कारण कॅमेऱ्याचे. कमी प्रकाशात कॅमेरा चित्र उजळण्याची पराकाष्ठा करतो आणि त्यातून चित्रात बारीक दाणेदार वळवळ निर्माण होते. ही वळवळ प्रत्येक चित्रात नवी असते, मागच्यावरून तिचा अंदाज बांधता येत नाही. एन्कोडर तिला खरा तपशील समजतो आणि तिच्यावर बिट खर्च करत राहतो. स्थिर कॅमेरा, स्थिर मूर्ती, म्हणजे खर्च जवळजवळ शून्य असावा. तरी बिटरेट पुरत नाही, त्यामागे अनेकदा हेच असते. ही वळवळ कॅमेऱ्यातच पुसायची म्हटले, तर सफाई करता करता पाषाणाचा पोतही पुसला जातो. येथे सर्वांत स्वस्त उपाय संगणकात नाही. मूर्तीवर थोडा सौम्य, न लुकलुकणारा प्रकाश वाढवला, तर तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र लक्षणीय सुधारते. अर्थात गाभाऱ्यात दिवा कोठे लावायचा हे ठरवण्याचा अधिकार तंत्रज्ञाला नाही, तो पुजारी मंडळांचा आणि संस्थानचा आहे, आणि तसेच असले पाहिजे.

या साऱ्या गुंतागुंतीवर सार्वजनिक चर्चेत एकच उत्तर दिले जाते: ‘एचडी करा.’ हा गैरसमज किती खोल रुजला आहे, याचा पुरावा २०२० मध्येच मिळाला. टाळेबंदीत इंटरनेटवरचा ताण वाढला, तेव्हा युरोपीय आयुक्त थिएरी ब्रेतों यांच्या आवाहनानंतर नेटफ्लिक्सने युरोपात बिटरेट घटवून आपली वाहतूक २५ टक्क्यांनी कमी करण्याचे जाहीर केले. चित्राचा आकार तोच ठेवून त्या आकारातील सर्वाधिक बिटरेटचे प्रवाह काढून टाकले गेले. त्यानंतर काही दिवसांत, २४ मार्च २०२० रोजी, भारतातील प्रमुख व्हिडिओ कंपन्यांनी १४ एप्रिलपर्यंत मोबाइल जाळ्यांवर एचडी न देण्याचा सामूहिक निर्णय घेतला. त्यांच्या निवेदनात बिटरेटची मर्यादा म्हणून सांगितलेला आकडा होता ‘४८०पी’. तो बिटरेटचा आकडा नव्हेच. ती चित्रातील आडव्या ओळींची संख्या आहे. पाणी किती लिटर द्यायचे, असे विचारल्यावर हंड्याची उंची सांगावी, तसे ते झाले. देशातील सर्वांत जाणकार कंपन्यांच्या निवेदनात ही गल्लत व्हावी, तर एखाद्या देवस्थानच्या निविदेत ‘एचडी कॅमेरा, एचडी प्रक्षेपण’ एवढेच लिहिले जाण्याची शक्यता किती, याची कल्पना करता येते.

ओळींची संख्या वाढवली आणि बिटरेट तोच ठेवला, तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला येणारी माहिती घटते आणि चित्र चौकोनाचौकोनांत तुटू लागते. एक एमबीपीएसमध्ये १०८०पी बसवण्याचा अट्टहास केला, तर त्याच बिटरेटचे ४८०पी चित्र डोळ्यांना अधिक स्वच्छ आणि विश्वासार्ह वाटते. जुन्या वाचकांना तीर्थक्षेत्रांच्या बाजारपेठांत मिळणाऱ्या आरत्यांच्या व्हीसीडी आठवत असतील. त्यांचा चित्राचा बिटरेट १,१५० केबीपीएस होता आणि आकार ३५२ गुणिले २८८. १९९३ च्या त्या मानकाने लहान आकार पत्करला होता, आणि त्या काळच्या पद्धतीला ते शहाणपणच होते. आज एच.२६४ तेवढ्याच बिटरेटमध्ये त्याच्या चौपट बिंदूंचे चित्र बऱ्यापैकी पेलते. म्हणून तंत्र सुधारले, हे खरे. हिशेब करण्याची गरज संपली, हे खरे नाही.

हा हिशेब सर्वाधिक कसाला लागतो तो आरतीच्या वेळी. तुळजापुरात पहाटे चरणतीर्थ, सकाळ-संध्याकाळ अभिषेक, धूपारती, रात्री प्रक्षाळ असा नित्यक्रम आहे. दुपारच्या निवांत वेळी चित्रात काहीच हलत नाही. धूपारती सुरू झाली की धूर पसरतो, ज्योत फिरते, संबळ वाजू लागतो. धुराचा अंदाज बांधता येत नाही. त्याच्या विरळ छटा ढोबळ नोंदीत पट्ट्यापट्ट्यांनी फुटतात. आणि नेमके याच क्षणी पाहणारे सर्वाधिक असतात.

बिटरेट ठरावीक असेल, तर एन्कोडरची अवस्था टँकरवर अवलंबून असलेल्या वस्तीसारखी होते. येणारे पाणी ठरलेले, गरज मात्र तासागणिक बदलणारी. तंत्रज्ञ ज्याला ‘बफर’ म्हणतात, तो अक्षरशः हौद असतो: शांत वेळी साठवायचे आणि गरजेला काढायचे. हौद जितका मोठा, तितकी धूपारती चांगली निभावते. पण तितका प्रक्षेपणाला उशीर होतो. क्रिकेटच्या सामन्यात हा उशीर असह्य ठरतो, कारण शेजारच्या घरातला जल्लोष आधी ऐकू येतो. दर्शनात तसे काही नाही. आरती अर्ध्या मिनिटाने उशिरा दिसली, म्हणून कोणाचे काहीही बिघडत नाही. सध्याच्या प्रचलित पद्धतीत प्रवाहाचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे पाठवले जातात आणि प्रेक्षकाकडे दोन-तीन तुकडे साठल्यावर चित्र सुरू होते. म्हणजे पंधरा-वीस सेकंदांचा उशीर तसाही होतच असतो. त्यात आणखी दहा सेकंद घालून एन्कोडरला पुढे डोकावण्याची मुभा दिली, तर धुराच्या क्षणांसाठी तो आधीच तजवीज करू शकतो. ‘थेट’ या शब्दाच्या हट्टापायी ही सवलत सोडणे अनाठायी आहे.

आवाजाकडे होणारे दुर्लक्ष हाही असाच प्रकार. चित्राला लाखो बिट आणि आवाजाला उरलेसुरले, अशी वाटणी केली जाते. संबळाचा ठोका तीव्र आणि क्षणिक असतो. आवाज फार दाबला की ठोक्याच्या आधीच त्याची खरखरीत सावली ऐकू येते आणि ठोक्याचा तडाखा मऊ पडतो. आवाजाला ६४ ऐवजी १२८ केबीपीएस दिले, तर एक एमबीपीएसच्या प्रवाहात खर्च फार तर साडेसहा टक्क्यांनी वाढतो. डोळे अधू झालेल्या भाविकासाठी तर आवाज हेच बरेचसे दर्शन असते.

आता पाहणाऱ्याच्या बाजूने. दिवसाला दीड जीबी डेटा मिळणाऱ्या मोबाइलधारकाचे उदाहरण घेतले, तर पाच एमबीपीएसच्या प्रवाहात तो चाळीस मिनिटांत संपतो. दोन एमबीपीएसला शंभर मिनिटे मिळतात, ५०० केबीपीएसला सहा तास चाळीस मिनिटे. पुण्या-मुंबईतील फायबरच्या जोडणीवर हा फरक जाणवत नाही. एकाच मोबाइलवर मुलांचा अभ्यास, बाजारभाव आणि आजीची आरती चालत असेल, तेथे तो घरातला वाद ठरतो. सरकारी व्याख्येचा प्रवासही बोलका आहे: २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होते, पुढे ते ५१२ झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन एमबीपीएस. पण व्याख्या बदलली म्हणून डोंगराआडच्या वस्तीतील मनोऱ्याचा सिग्नल बदलत नाही, आणि बालाघाटच्या रांगांत डोंगराआडच्या वस्त्या पुष्कळ आहेत.

यावर २००९ नंतर रूढ झालेला उपाय म्हणजे एकाच चित्राचे अनेक प्रवाह तयार ठेवायचे आणि प्रेक्षकाच्या जाळ्याप्रमाणे आपोआप वरखाली करायचे. ॲपलच्या मार्गदर्शक तक्त्यात ही शिडी ४१६ गुणिले २३४ आकाराच्या १४५ केबीपीएसपासून सुरू होते, ६४० गुणिले ३६० ला ३६५ केबीपीएस देते आणि १०८०पी साठी ७,८०० केबीपीएसपर्यंत चढते. शिडीची खालची पायरी नेहमी उपेक्षित राहते, कारण ती बसवणाऱ्याच्या कार्यालयात कोणी पाहत नाही. तेथे १०८०पी चालते, सगळे खूश होतात, काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो. मूर्तीच्या दर्शनासाठी खालच्या पायरीवर वेगळाच विचार करता येईल: संपूर्ण गाभारा लहान करून दाखवण्याऐवजी केवळ मूर्ती भरून राहील अशी चौकट घ्यावी, आणि सेकंदाला २५ ऐवजी १२ चित्रे पाठवावीत. मूर्ती हलत नाही. जवळजवळ दुप्पट माहिती प्रत्येक चित्राच्या वाट्याला येईल. अशी तडजोड कबड्डीच्या प्रक्षेपणात हास्यास्पद ठरली असती.

विषय पाहून बिट वाटावेत, ही कल्पना नवी नाही. नेटफ्लिक्स आधी प्रत्येक चित्रपटाला १०८०पी साठी सरसकट ५,८०० केबीपीएसपर्यंत देत असे. २०१५ अखेर त्या कंपनीने ही पद्धत मोडली आणि प्रत्येक कलाकृतीसाठी स्वतंत्र शिडी आखली. सपाट रंगांच्या व्यंगपटाला कमी, दाणेदार व धावपळीच्या दृश्यांना जास्त. मोफत उपलब्ध असलेल्या एक्स२६४ या एन्कोडरमध्ये अंधाऱ्या भागांना झुकते माप देणारा पर्याय आहे. तो आपणहून चालू नसतो, निवडावा लागतो. साध्या सुरक्षा-कॅमेऱ्यांतही चित्राचा एखादा भाग आखून तेथे अधिक बिट देण्याची सोय अनेकदा असते, कारण दुकानदाराला चोराचा चेहरा हवा असतो. तीच चौकट देवीच्या मुखाभोवती आखता येते. यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. कोणी तरी बसून ठरवावे लागते.

ठरवताना दर्जा मोजायचा कसा, हा पेच उरतो. सर्वांत जुनी आणि सोपी मोजपट्टी मूळ चित्र आणि दाबलेले चित्र यांच्यातील सर्व बिंदूंच्या फरकाची सरासरी काढते. फुल एचडी चित्रात मुखाचा भाग २०० गुणिले २०० बिंदूंचा असेल, तर तो एकूण चित्राच्या दोन टक्क्यांहूनही कमी भरतो. तो पूर्ण पुसला गेला आणि भिंत, महिरप, फुले शाबूत राहिली, तरी सरासरी उत्तम येते. २००४ नंतर रचनासाम्य पाहणाऱ्या आणि पुढे मानवी पसंतीवर घडवलेल्या मोजपट्ट्या आल्या. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुली केलेली व्हीमॅफ ही त्यांपैकी बहुचर्चित. त्या अधिक शहाण्या आहेत, पण चित्रातील कोणता भाग कोणासाठी पवित्र आहे, हे त्यांनाही ठाऊक नाही.

वाटेतले दुसरे गळतीचे ठिकाण म्हणजे पुन्हा पुन्हा दाबणे. मंदिरातून निघालेला प्रवाह यूट्यूबसारख्या व्यासपीठावर गेला की तेथे तो उलगडून पुन्हा दाबला जातो. एखाद्या स्थानिक केबलवाल्याने तो उचलला तर तिसऱ्यांदा. कोणी पडद्याचे चित्रण करून व्हॉट्सॲपवर टाकले तर चौथ्यांदा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओला दीर्घकाळ १६ एमबीची मर्यादा होती. तीन मिनिटांची आरती त्यात बसवायची, तर आवाजासह जेमतेम ७०० केबीपीएस हाती लागतात. प्रत्येक टप्प्यावरचा एन्कोडर आधीच्याने केलेल्या चुका खरा तपशील समजून जपतो. म्हणूनच उगमापाशी कंजुषी महाग पडते. मंदिरातून बाहेर पडणारा पहिला प्रवाह भरघोस बिटरेटचा असावा, काटकसर प्रेक्षकाकडील टोकाला व्हावी, हे सूत्र फारसे वादग्रस्त नाही.

वाद आहे तो खर्चाचा. दहा हजार भाविक एकाच वेळी तीन एमबीपीएसचा प्रवाह पाहत असतील, तर सेकंदाला ३० गिगाबिट वाहतात आणि एका तासात साडेतेरा हजार जीबी. तोच प्रवाह ८०० केबीपीएसचा असेल, तर आठ गिगाबिट पुरतात. स्वतःच्या खर्चाने प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला हा फरक थेट बिलात दिसतो. फुकटच्या व्यासपीठावर बिल येत नाही, पण बिटरेटवरचा ताबाही उरत नाही. किती दाबायचे हे व्यासपीठ ठरवते. नव्या पद्धतींकडे बोट दाखवले जाते. २०१३ ची एच.२६५ तेवढ्याच दर्जासाठी सुमारे निम्मा बिटरेट घेते, २०१८ ची एव्ही१ स्वामित्वशुल्कापासून मुक्त आहे. अडचण अशी की ज्या जुन्या, स्वस्त मोबाइलना बचतीची सर्वाधिक गरज आहे, त्यांनाच या पद्धती नीट उलगडता येत नाहीत. त्यामुळे आणखी बराच काळ एच.२६४ चा प्रवाह चालू ठेवावाच लागेल आणि काटकसर मांडणीतूनच साधावी लागेल.

नित्यपूजेपुरते हे सारे बसवता आले, तरी वर्षातील एक पहाट सर्व आडाखे मोडणारी असते. विजयादशमीला देवीची चलमूर्ती सिंहासनावरून पालखीत येते, सीमोल्लंघन होते, कुंकवाची उधळण होते आणि त्यानंतर पौर्णिमेपर्यंत देवी निद्रेसाठी पलंगावर विसावते. अंधार, संबळ, गर्दीची लाट आणि हवेत लाल धूळ. त्यात प्रत्येक कण स्वतंत्र दिशेने जातो. मागच्या चित्रावरून पुढचे ओळखण्याची सारी युक्ती त्या मिनिटांत निकामी होते. नित्याच्या बिटरेटमध्ये त्या क्षणी पडद्यावर लाल चौकोनांचा खच दिसणे अटळ आहे. तेवढ्या एका पहाटेसाठी वरचा प्रवाह दुप्पट-तिप्पट करणे, हौद मोठा ठेवणे, आणि खालच्या पायरीवर गर्दीचे विस्तृत दृश्य टाळून पालखीवरच कॅमेरा स्थिर ठेवणे, एवढी पूर्वतयारी शक्य आहे. उर्वरित ३६४ दिवसांच्या बचतीतून तिचा खर्च सहज निघेल.

चाचणीची रीतही उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.५०० या शिफारशीत चित्राचा दर्जा माणसांकडून पारखून घेण्याची पद्धत घालून दिली आहे: किमान पंधरा निरीक्षक, पाच पायऱ्यांची श्रेणी, ‘उत्कृष्ट’पासून ‘वाईट’पर्यंत. चरणतीर्थ, अभिषेक, धूपारती, छबिना आणि सीमोल्लंघन यांची पाच-पाच मिनिटांची चित्रणे चार-पाच वेगवेगळ्या बिटरेटना दाबून घेतली, तर एका दिवसात ही पारख पुरी होते. मोठ्या दूरचित्रवाणी संचाऐवजी ती साध्या मोबाइलवर, बाहेरच्या उजेडात व्हावी. निरीक्षकांत चाचणीच्या नियमाप्रमाणे तंत्रज्ञ नसलेलेच असावेत: खेड्यातील काही वृद्ध स्त्रिया, काही परगावचे भाविक, आणि भोपे, पाळीकर व उपाध्ये पुजाऱ्यांपैकी दोघे-तिघे, ज्यांनी ते मुख रोज हाताच्या अंतरावरून पाहिलेले आहे.